लातूर पॅटर्न

लातूर पॅटर्न हे लातूर शहरातील कनिष्ठ महाविद्यालयांत विकसित झालेल्या विशेष अध्यापनपद्धतीचे रूढ नाव आहे. नियमित तासिकांच्या जोडीला जादा तास, वारंवार सराव परीक्षा, उत्तरपत्रिकांची बारकाईने तपासणी आणि विद्यार्थ्याकडे वैयक्तिक लक्ष ही तिची मुख्य अंगे होत. १९८० च्या दशकात राजर्षी शाहू महाविद्यालयात या पद्धतीची घडण झाली व पुढे शहरातील इतर संस्थांनी तिचा अवलंब केला. आज लातूर व नांदेड येथील प्रवेश परीक्षांच्या खासगी शिकवण्यांनाही हेच नाव दिले जाते. त्यामुळे मूळ पद्धत आणि तिचे नंतरचे रूप यांत फरक करणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग होता. तेथे उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि महाविद्यालये अत्यल्प होती. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर या भागात शिक्षणसंस्था उभ्या राहू लागल्या. १९५० मध्ये नांदेड येथे पीपल्स कॉलेज, १९६१ मध्ये लातूर येथे दयानंद महाविद्यालय आणि १९७० मध्ये शिव छत्रपती शिक्षण संस्थेचे राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू झाले. १६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला.

महाविद्यालये निघाली, तरी वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशाच्या स्पर्धेत हा भाग मागेच होता. त्या काळी हे प्रवेश बारावीच्या परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व जीवशास्त्र या विषयांत मिळालेल्या गुणांवर होत. एकेका गुणाने प्रवेश हुकत असे. मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यांना उपलब्ध असलेले मार्गदर्शन कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या कुटुंबांतील मुलांना मिळत नसे. ही उणीव महाविद्यालयातच भरून काढणे, हा या प्रयोगाचा हेतू होता.

उगम आणि कार्यपद्धती

राजर्षी शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांची नावे या पद्धतीशी प्रामुख्याने जोडली जातात. वाघमारे हे पुढे नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.

पद्धतीची रचना साधी होती. अकरावीची परीक्षा संपताच, उन्हाळ्याच्या सुटीतच बारावीचे अध्यापन सुरू केले जाई. अभ्यासक्रम वेळेआधी संपवून उरलेले महिने उजळणीसाठी व सरावासाठी ठेवले जात. प्रथम घटकनिहाय आणि नंतर संपूर्ण अभ्यासक्रमावर परीक्षा घेतल्या जात. या परीक्षांचे वेळापत्रक आणि प्रश्नपत्रिकेचे स्वरूप मंडळाच्या परीक्षेसारखेच असे. बाहेरगावच्या अनुभवी प्राध्यापकांनाही व्याख्यानांसाठी बोलावले जाई.

या पद्धतीचा कणा म्हणजे उत्तरपत्रिकेची तपासणी. मंडळाची परीक्षा वर्णनात्मक असल्याने विषय समजणे पुरेसे नव्हते. व्याख्या नेमकी लिहिणे, आकृतीला नावे देणे, गणितातील पायऱ्या न गाळणे, एककांची नोंद करणे यांवर गुण अवलंबून असत. तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला परत देऊन गुण कोठे व का गेले हे समजावले जाई आणि पुढील चाचणीत ती चूक टळली की नाही हे पाहिले जाई. शिक्षकांच्या जादा श्रमांखेरीज या कामाला फारशी साधनसामग्री लागत नव्हती. मंडळाच्या गुणवत्ता यादीत लातूरचे विद्यार्थी सातत्याने झळकू लागले, तेव्हा ‘लातूर पॅटर्न’ हा शब्दप्रयोग राज्यभर रूढ झाला.

प्रवेश परीक्षांचा काळ

१९९० च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशासाठी सामायिक प्रवेश परीक्षा सुरू झाली आणि बारावीच्या गुणांचे महत्त्व कमी झाले. राष्ट्रीय पातळीवरील ‘नीट’ ही परीक्षा प्रथम २०१३ मध्ये झाली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, मात्र २०१६ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला आणि परीक्षा पुन्हा लागू झाली.

या बदलाने अध्यापनाचे स्वरूपच पालटले. ‘नीट’ बहुपर्यायी असून तिचा भर राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या पाठ्यपुस्तकांवर आहे. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, तर चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. सुवाच्य, मुद्देसूद लेखनाऐवजी वेग, अचूकता आणि अनिश्चित प्रश्न सोडून देण्याचा विवेक यांना महत्त्व आले. वर्णनात्मक उत्तरे तपासून देणाऱ्या शिक्षकाचे स्थान प्रश्नसंच व यंत्राने तपासल्या जाणाऱ्या उत्तरपत्रिकांनी घेतले. अध्यापनाचे केंद्रही महाविद्यालयातून खासगी शिकवणी वर्गांकडे सरकले. लातूरमधील उद्योग भवन परिसर अशा वर्गांसाठी ओळखला जातो. नांदेड शहरातही याच धर्तीवर वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीचे मोठे केंद्र विकसित झाले.

सामाजिक व आर्थिक परिणाम

मराठवाड्याबरोबरच राज्याच्या इतर भागांतूनही विद्यार्थी या दोन शहरांत येतात. त्यांच्यामुळे वसतिगृहे, भाड्याच्या खोल्या, खानावळी, अभ्यासिका आणि पुस्तकांची दुकाने यांवर आधारलेली अर्थव्यवस्था निर्माण झाली. एप्रिल २०१६ मध्ये तीव्र टंचाईमुळे लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. अशा काळात बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांचा रोजचा निर्वाहही कठीण होतो.

वैद्यकीय प्रवेशात प्रादेशिक आरक्षणाचा प्रश्नही दीर्घकाळ गाजला. राज्यात ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी आणि ३० टक्के जागा सर्व राज्यासाठी असत. मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालये कमी असल्याने चांगले गुण मिळवूनही येथील विद्यार्थी मागे राहतात, अशी तक्रार होती. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने हे सूत्र रद्द केले.

मूल्यमापन

या पद्धतीवरील जुना आक्षेप घोकंपट्टीचा आहे. ठरावीक साच्यात उत्तरे बसवण्याची सवय लागल्याने स्वतंत्र विचार व प्रयोगशीलता मागे पडते, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. निवडक गुणवंतांच्या तुकडीवर अधिक श्रम घेतल्याने सामान्य विद्यार्थी दुर्लक्षित राहतो, हाही एक आक्षेप आहे. समर्थकांच्या मते, परीक्षेचे तंत्र शहरी व सधन वर्गापुरते मर्यादित होते; ते ग्रामीण विद्यार्थ्यांच्या हाती देणे हेच या प्रयोगाचे यश होय.

अलीकडची टीका मुख्यतः खर्चाविषयी आहे. मूळ प्रयोगात मार्गदर्शन महाविद्यालयातच मिळत असे. आता महाविद्यालयात प्रवेश नावापुरता घेऊन प्रत्यक्ष शिक्षण शिकवणी वर्गात घेण्याची प्रथा पडली आहे. शिकवणीचे शुल्क, खोलीचे भाडे आणि खानावळ यांचा भार शेतकरी व मजूर कुटुंबांना पेलणे अवघड जाते. ज्या विद्यार्थ्यांना संधी मिळावी म्हणून ही पद्धत उभी राहिली, त्यांनाच ती आज कितपत परवडते, हा तिच्या मूल्यमापनातील कळीचा प्रश्न आहे.