रिसीव्हर जुळवायचाय? आधी सिग्नल कमी करा

आमच्या उमरखेड तालुक्यात पैनगंगा अभयारण्य आहे. अशा जंगलात मोबाइलची रेंज गेली, की भिस्त गाडीतल्या वायरलेस सेटवर. तोच कमी ऐकू लागला तर?

समजा, 150 मेगाहर्ट्झच्या आसपासचा जुना एफएम सेट तुमच्या टेबलावर आहे. सिग्नल जनरेटर जोडला, 1 किलोहर्ट्झचा टोन दिला, डेव्हिएशन 3 किलोहर्ट्झ. आवाज एकदम स्वच्छ! आता कॉइलचा कोअर फिरवा. काहीच फरक नाही. मी पहिल्यांदा असाच अर्धा दिवस घालवला होता. एफएममध्ये माहिती असते वारंवारितेच्या बदलात. सिग्नलच्या उंचीतला फरक लिमिटर कापून टाकतो. म्हणजे सिग्नल जोरदार असला की बिघडलेलं ट्यूनिंग झाकलं जातं.

म्हणून टोनमागे खरखर ऐकू येईपर्यंत जनरेटरची पातळी उतरवा. मग कोअर हळूच फिरवा आणि खरखर सगळ्यात कमी होईल तिथे थांबा. पातळी आणखी उतरवा, पुन्हा फिरवा. स्क्रूड्रायव्हर प्लास्टिकचाच हवा; लोखंडी असेल तर तो बाहेर काढताच ट्यूनिंग सरकतं.

शेवटी 12 डेसिबल सिनॅड (एकूण आवाज आणि त्यातली खरखर-विकृती यांचं गुणोत्तर) मिळायला किती मायक्रोव्होल्ट लागले, ते वहीत लिहा. चांगल्या सेटला साधारण 0.25 ते 0.35 पुरतात. 1 लागत असेल तर लांबची गाडी त्याला ऐकूच येणार नाही.

आणि हो, जनरेटर जोडलेला असताना चुकूनही माइकचं बटण दाबू नका. सेटचे 25 वॅट सरळ जनरेटरमध्ये घुसतील.