बाळाचा फोटो काढताय? महागडा मोबाईल नको, दारातला उजेड पुरे. आणि फोटोत डोळा पांढरा दिसला तर थेट दवाखाना गाठा

घरात पाळणा हलला की सगळ्यांचे मोबाईल बाळाकडं वळतात. आत्या बारशाचे फोटो काढते, मामा जावळाचे काढतो, आजोबा तर रोजच काढतात. पण महिन्याभरानं गॅलरी उघडून बघा. एकात तोंड काळं, एकात हात हललेला, एकात बाळापेक्षा मागची वाळत घातलेली कापडंच जास्त. मग आपण म्हणतो, "आपला मोबाईलच साधा आहे." खरं तर चूक बहुतेक वेळा मोबाईलची नसते, उजेडाची असते.

उजेड दाराचा, ऊन नको

गावाकडच्या घरात मधली खोली अंधारी असते आणि बाळ बहुतेक वेळ तिथंच असतं. अंधारात कॅमेऱ्याला फोटो घ्यायला जास्त वेळ लागतो. तेवढ्यात बाळ हात हलवतं आणि फोटो पुसट येतो. म्हणून सकाळी आठ-नऊच्या सुमारास किंवा दुपारी चारनंतर बाळाला दाराच्या किंवा खिडकीच्या जवळ, सावलीत घ्या. ओसरी असेल तर उत्तमच. थेट ऊन नको. उन्हात बाळ डोळे मिटतं आणि तोंडावर काळ्या सावल्या पडतात.

बाळाचं तोंड उजेडाकडं हवं. तुम्ही दाराच्या बाजूला, थोडं कडेला बसा, म्हणजे तुमचीच सावली बाळावर पडणार नाही. दार बाळाच्या पाठीमागं असेल तर तोंड काळंच येणार. जागा बदलता येत नसेल तर स्क्रीनवर बाळाच्या तोंडावर बोट टेकवा. बहुतेक मोबाईल तिथला उजेड वाढवतात.

त्याआधी कॅमेऱ्याची काच मऊ सुती कापडानं पुसा. बाळाला तेल लावलेल्या हातानंच मोबाईल उचलतो आपण, म्हणून फोटो धुरकट येतात. झूम करू नका, स्वतः जवळ जा. तोंड गोरं करणारा ब्युटी मोड बंद ठेवा. बाळाचा खरा रंग आणि गालावरची तीट, हेच पुढं बघायला बरं वाटतं.

खाली बसा, वाट बघा

उभं राहून काढलेल्या फोटोत पोराचं डोकं मोठं आणि पाय बारीक दिसतात. गोधडीवर बाळ पालथं पडलं असेल तर तुम्हीही जमिनीवर आडवे व्हा. मोबाईल त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणा.

"इकडं बघ, हास" असं म्हणून पोर हसत नाही. आजीला तुमच्या मागं बसवा, खुळखुळा वाजवू द्या. रांगणाऱ्या, धावणाऱ्या पोराला थांबवू नका. त्याला खेळू द्या आणि एकापाठोपाठ पाच-सहा फोटो घ्या. त्यातला एक तरी चांगला निघतो. बाकीचे लगेच पुसून टाका, जागा वाचेल.

फोटोसाठी जीव धोक्यात नको

साधारण तीन-चार महिन्यांपर्यंत बाळ मान नीट धरत नाही, आणि आधाराशिवाय बसायला सहा महिन्यांच्या पुढं-मागं लागतं. त्याआधी फोटोसाठी उशा लावून बसवणं, टोपलीत किंवा खाटेच्या कडेला ठेवणं टाळा. एक माणूस कायम हाताच्या अंतरावर हवा. मोबाईल बाळाच्या तोंडाच्या बरोबर वर धरू नका, हातातून निसटला तर थेट तोंडावर पडेल. फोटोत डोळे उठून दिसावेत म्हणून डोळ्यांत काजळ घालू नका, डॉक्टर त्याला नकोच म्हणतात. तीट गालावर लावा.

डोळा पांढरा दिसतोय का?

रोजच्या फोटोला फ्लॅश नकोच. बाळ दचकतं आणि फोटोही पांढराफटक येतो. पण समारंभात फ्लॅश मारून काढलेले फोटो तुमच्याकडं असतीलच. ते एकदा मोठे करून बघा.

फ्लॅशच्या उजेडात डोळ्याची बाहुली कधी कधी लाल दिसते. डोळ्याच्या आतल्या पडद्यामागं रक्तवाहिन्या असतात, उजेड त्यावर पडून परत येतो म्हणून ती लाल दिसते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी किंवा पिवळसर चमकत असेल, आणि तसं पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर दुर्लक्ष करू नका. नुसता कॅमेऱ्याचा कोन तिरका असला तरी असं दिसू शकतं. पण त्यामागं जन्मजात मोतीबिंदू असू शकतो, किंवा रेटिनोब्लास्टोमा नावाचा डोळ्याच्या पडद्याचा कर्करोगही असू शकतो. हा कर्करोग मुख्यतः पाच वर्षांखालच्या मुलांना होतो. लवकर कळला तर जीव वाचतो आणि बऱ्याचदा नजरही वाचते. उशीर झाला तर दोन्ही धोक्यात येतात.

असा फोटो पुसू नका. तो मोबाईलमध्ये घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा. जिल्हा रुग्णालयात डोळ्यांचा विभाग असतो. कुठं जायचं कळत नसेल तर आशाताईंना विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्या राज्यातल्या पालघरमधूनच झाली. त्यातलं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासतं. पण डोळा पांढरा दिसला तर पथकाची वाट बघत बसू नका.

फोटो जपा, सगळ्यांना दाखवू नका

मोबाईल पाण्यात पडला की बाळाचं अख्खं वर्ष जातं. गुगल खात्यावर १५ जीबी जागा फुकट मिळते, पण ईमेल आणि फोटो सगळं त्यातच मोजलं जातं. म्हणून निवडक फोटोच तिथं ठेवा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो बारीक होतो. मूळ फोटो हवा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. वर्षातले दहा-बारा फोटो तालुक्याला जाऊन छापून घ्या आणि मागं पेन्सिलीनं नाव, तारीख लिहा.

आणि एक. आंघोळीचे, अंगावर कापड नसलेले फोटो स्टेटसला किंवा गावाच्या ग्रुपवर टाकू नका. एकदा पुढं गेलेला फोटो कुणाच्या हातात पडेल, ते आपल्या हातात राहत नाही. पोर उद्या मोठं होणार आहे. तेव्हा त्याला हे फोटो बघून हसू यावं, लाज वाटू नये.