घरगुती संगणक जाळ्यातील सामाईक ड्राइव्हची सुरक्षितता : पासवर्डचे स्थान व मर्यादा

प्रस्तावना :
एकाच घरात दोन-तीन संगणक व एक राउटर असणे आता नवलाचे राहिलेले नाही. शैक्षणिक दाखले, सातबारा उतारे, बँकेची कागदपत्रे, छायाचित्रे असा कुटुंबाचा मोलाचा ऐवज एका संगणकावर साठवून तो जाळ्यामार्फत इतरांना उपलब्ध करून दिला जातो. अशा वेळी ‘ड्राइव्हला पासवर्ड लावावा’ अशी अपेक्षा असते. तथापि, आजच्या विंडोज प्रणालीत सामाईक ड्राइव्हचा पासवर्ड ड्राइव्हला नसून व्यक्तीच्या खात्याला असतो. हा भेद ध्यानात न आल्यास ड्राइव्ह एकतर सर्वांना खुला राहतो किंवा कोणालाच उघडत नाही. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट केल्या आहेत.

पार्श्वभूमी :
विंडोज ९५ व ९८ मध्ये प्रत्येक सामाईक फोल्डरला स्वतंत्र पासवर्ड देता येत असे. मात्र या पद्धतीत गंभीर दोष होता. पासवर्डचे केवळ पहिले अक्षर ओळखूनही प्रवेश मिळवणे शक्य होते. ऑक्टोबर २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यावर दुरुस्ती प्रसिद्ध केली. २००१ मधील विंडोज एक्सपीच्या घरगुती आवृत्तीत जाळ्यातून येणाऱ्या प्रत्येकास ‘गेस्ट’ म्हणजे पाहुणा मानले जाई. त्यामुळे कोण आले हे ओळखण्याचा प्रश्नच उरला नाही. २००९ मध्ये विंडोज ७ सोबत आलेली ‘होमग्रुप’ ही सुविधा एकाच सामाईक पासवर्डवर चालत असे. ती २०१८ मध्ये विंडोज १० मधून काढून टाकण्यात आली. आज खातेनिहाय ओळख हाच मुख्य मार्ग आहे.

कार्यपद्धती :
१) ज्या संगणकावर ड्राइव्ह आहे, त्यावर प्रत्येक सदस्याचे पासवर्डयुक्त खाते उघडावे. रिकाम्या पासवर्डच्या खात्यास जाळ्यातून प्रवेश नाकारला जातो.
२) नेटवर्कच्या प्रगत शेअरिंग पर्यायांत ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ चालू करावे.
३) संपूर्ण ड्राइव्हऐवजी आवश्यक तेवढेच फोल्डर सामाईक करावे. परवानगीच्या यादीतून ‘एव्हरीवन’ वगळून सदस्यांची नावे घालावीत.
४) ज्यांना केवळ पाहावयाचे आहे त्यांना ‘रीड’, ज्यांना बदल करावयाचे आहेत त्यांनाच ‘चेंज’ परवानगी द्यावी.

येथे दोन बाबी लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिली, संगणक सुरू करताना वापरला जाणारा पिन त्याच यंत्रापुरता असतो. जाळ्यातून प्रवेशासाठी खात्याचा पासवर्डच लागतो. दुसरी, एनटीएफएस पद्धतीच्या ड्राइव्हवर शेअरची व फाइलची अशा दोन परवानग्या असतात व त्यांपैकी अधिक कडक असलेली लागू होते. एफएटी-३२ वा एक्सएफएटी पद्धतीच्या पेनड्राइव्हवर फाइलपातळीची अशी परवानगी नसते.

मर्यादा :
पासवर्ड हा जाळ्याच्या दारावरील पहारा आहे, तिजोरी नव्हे. डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडल्यास तीवरील मजकूर वाचता येतो. त्यासाठी बिटलॉकरसारख्या सांकेतिकीकरणाची गरज असते. मे २०१७ मध्ये पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने एसएमबी या फाइल-शेअरिंग संकेतव्यवस्थेच्या पहिल्या आवृत्तीतील दोषाचा लाभ घेतला, त्यास पासवर्डची गरजच भासली नाही. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. परंतु असंख्य संगणकांवर ती बसविलेली नव्हती. तसेच एखाद्या सदस्याच्या संगणकात घातक प्रणाली शिरल्यास ती त्या सदस्याच्याच अधिकाराने सामाईक फाइली नष्ट करू शकते.

निष्कर्ष :
सामाईक ड्राइव्हची सुरक्षितता केवळ पासवर्डच्या लांबीवर अवलंबून नसते. कोणास किती अधिकार दिला आहे, हा खरा प्रश्न आहे. खातेनिहाय पासवर्ड, मर्यादित परवानगी, प्रणालीचे वेळोवेळी अद्ययावतीकरण आणि एरवी संगणकापासून विलग ठेवलेल्या डिस्कवरील दुसरी प्रत या चार बाबी एकत्र आल्या, तरच कुटुंबाचा हा ऐवज सुरक्षित राहू शकेल.