‘लेक’ : खेळ आणि खाडा, दोन्ही सांगणारा एक बोलीशब्द



इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायर नावाचा प्रदेश आहे. तिथल्या बोलीत ‘लेक’ असा एक शब्द आहे. आपली मुलगी ती लेक, तिच्याशी याचा काहीएक संबंध नाही. तळ्यासाठी आपण मुलांना जो इंग्रजी शब्द शिकवतो, तोही हा नव्हे. उच्चार सारखा म्हणून शब्द एकच असं नसतं, हे वर्गात सांगायला हे छान उदाहरण आहे.

मग याचा अर्थ काय? पहिला अर्थ – खेळणे. पोरं एकमेकांना खेळायला बोलवताना हा शब्द वापरत. दुसरा अर्थ मोठ्यांचा – कामावर नसणे, म्हणजे आपल्याकडचा खाडा. गिरणीत किंवा कोळशाच्या खाणीत काम नसलं की कामगार घरी बसायचा, त्यालाही हाच शब्द. मुलाच्या तोंडी तो आनंदाचा. पण ज्या घराचं पोट मजुरीवर, तिथे तो काळजीचाही.

हा शब्द आला कुठून? नवव्या शतकात व्हायकिंग लोक समुद्रापलीकडून इंग्लंडमध्ये आले. ८६६ मध्ये त्यांनी यॉर्क शहर घेतलं आणि पुढे त्या भागात शेती करून राहिले. त्यांच्या भाषेत खेळण्याला ‘लेइका’ म्हणत. त्याचंच हे रूप. डॅनिश भाषेत आजही खेळाला याच मुळातला शब्द आहे. आपल्या मुलांच्या ‘लेगो’ या ठोकळ्यांचं नाव ‘छान खेळा’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून पडलं. म्हणजे यॉर्कशायरचा हा गावठी शब्द आणि आपल्या घरातलं खेळणं नात्यातले निघाले!

असे शब्द नोंदवणारा माणूसही त्याच मातीतला होता. जोसेफ राइट यांचा जन्म १८५५ चा, यॉर्कशायरमधल्या गरीब घरातला. लहानपणी दगडखाणीवर गाढवाची गाडी हाकली, मग गिरणीत काम केलं. पंधरा वर्षांचे होईपर्यंत त्यांना वाचता येत नव्हतं. पुढे तेच ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले आणि १८९८ ते १९०५ या काळात त्यांनी इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश प्रसिद्ध केला. त्यात हा शब्दही आहे.

आता जरा आपल्या वर्गाकडे बघू. एखादं मूल ‘काहून’ किंवा ‘खंय’ म्हणालं की आपण लगेच “असं नाही, नीट बोल” म्हणतो. प्रमाणभाषा शिकवायलाच हवी, त्यात वाद नाही. पण घरचा शब्द चुकीचा ठरला की मूल गप्प बसतं, आणि गप्प बसलेल्या मुलाला प्रमाणभाषा तरी कशी येणार?

एक करून बघा. प्रत्येक मुलाला आजी-आजोबांकडून घरचे पाच शब्द आणायला सांगा. वहीत एका बाजूला घरचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला. लाल शाई मात्र त्या दिवशी कपाटातच ठेवा.