शेती कोण शिकणार?

मुलांनो, शेतकरी म्हटले की डोळ्यांपुढे कोण येते? ट्रॅक्टरवर बसलेले आजोबा? ते फारसे चूक नाही! २०२२ च्या कृषिगणनेनुसार अमेरिकेतील शेतकऱ्यांचे सरासरी वय ५८ होते. शंभरात जेमतेम नऊजण पस्तिशीच्या आतले आणि स्त्रिया फक्त ३६.

याला जमिनीची महागाई हे एक कारण आहे. पण शेतीशिक्षणाची दारेही सर्वांना सारखी उघडी नव्हती. शाळेत शेती शिकणाऱ्या मुलांची एफएफए ही संघटना १९२८ साली कॅन्सस सिटीत सुरू झाली. दक्षिणेकडील काळ्या मुलांची संघटना १९६५ पर्यंत वेगळी होती. मुलींना देशभर सभासदत्व मिळाले ते १९६९ मध्ये!

दार उघडणारा एक मराठी माणूसही होता. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले. पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात ते शिकवू लागले. गरीब शेतकऱ्यांना कॉलेजात जाणे कुठले परवडणार? म्हणून १९२० च्या दशकात त्यांनी खेड्यापाड्यांत शेतीशाळा काढल्या.

आज गाई-घोड्यांचे डॉक्टर आणि शेतीचे शिक्षक कमी पडतात. त्यासाठी स्वतःची जमीन लागत नाही. शहरातील मुलामुलींनाही हे शिकता येते. आपल्या काउंटीत ४-एच क्लब कुठे आहे, ते शोधा.

आणि पालकहो, डॉक्टर-इंजिनिअरच्या आपल्या यादीत शेतीलाही एक ओळ द्या!

घरचा अभ्यास : आपल्या घराण्यात शेवटची शेती कोणी केली? काय पिकवले? आजी-आजोबांना विचारून पाच ओळी लिहा.