सांधा ठणकतो तेव्हा आत काय घडतं?

मागच्या भागानंतर इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा बऱ्याच ठिकाणांहून एकच प्रश्न आला. एक्स-रेमध्ये फारशी झीज नाही, तरी गुडघा एवढा का ठणकतो? आणि ज्याच्या एक्स-रेमध्ये भरपूर झीज आहे, असा एखादा शेजारी रोज फिरायला कसा जातो?

मी डॉक्टर नाही. फौजेत असताना जवानांच्या आणि स्वतःच्याही गुडघ्यांची काळजी घ्यावी लागली, त्यातून या विषयाचं वाचन सुरू झालं. त्यातलं जे पक्कं आहे, तेवढंच सांगतो.

पहिली गोष्ट अशी की ज्या कूर्चेची झीज झाली असं आपण म्हणतो, तिच्यात वेदनेच्या नसा नसतातच. त्या असतात सांध्याच्या अस्तरात, भोवतीच्या आवरणात, अस्थिबंधांत आणि कूर्चेखालच्या हाडात. या नसा म्हणजे चौकीवरचे संत्री समजा. निरोगी सांध्यात त्यांना आदेश असतो की रोजच्या चालण्या-वाकण्याची दखल घ्यायची नाही. गुडघा जोरात पिरगळला, तरच 'थम! कौन आता है?' असं ओरडायचं.

हा आदेश रसायनं बदलतात. सांध्याला इजा झाली किंवा दाह सुरू झाला, की तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन, हिस्टामीन अशी रसायनं सोडतात. रक्तातून झिरपलेल्या प्रथिनांपासून ब्रॅडिकायनिन बनतं. इजा झालेल्या पेशींतून एटीपी बाहेर पडतं. आम्लताही वाढू शकते. नसेच्या टोकावर अतिशय सूक्ष्म दारं असतात. आम्ल आणि एटीपी आपापली दारं थेट उघडतात. विद्युतभारित कण आत शिरतात आणि संदेश मज्जारज्जूमार्गे मेंदूकडे जातो. प्रोस्टाग्लँडिनचं काम मुख्यतः वेगळं आहे. ते दाराची कडी सैल करून ठेवतं, म्हणजे पुढचा हलका धक्काही पुरतो.

यातलं एक दार आपल्या स्वयंपाकघराच्या ओळखीचं आहे. मिरचीतल्या कॅप्सेसिननं उघडणारं हे दार डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ साली ओळखलं. २०२१ च्या नोबेलमध्ये या शोधाचा मोठा वाटा होता. हेच दार सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनंही उघडतं, म्हणून मिरची लागली की भाजल्यासारखं होतं. दाहातली रसायनं याचीही कडी सैल करतात. मग ते बऱ्याच कमी तापमानाला उघडू लागतं.

१९८० च्या दशकात जर्मनीत शायबल आणि श्मिट यांनी मांजरांच्या गुडघ्यात दाह निर्माण करणारे पदार्थ टोचून नसांचे संदेश मोजले. काही तासांतच साध्या वाकण्यालाही नसा जोरात संदेश देऊ लागल्या. एरवी अगदी गप्प असणाऱ्या काही नसाही जाग्या झाल्या. सांधा तोच, हालचाल तीच, फक्त संत्री आता पान हललं तरी ओरडत होते. झीज आणि दुखणं यांचं गणित का जुळत नाही, याचं एक मोठं कारण इथे आहे.

आता गोळीकडे वळू. ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. म्हणजे गोळी संत्र्याला शांत करते, झिजलेली कूर्चा भरून काढत नाही. शिवाय हेच प्रोस्टाग्लँडिन जठराच्या अस्तराचं रक्षण करतं आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळायला मदत करतं. दुकानातून आपल्या मनानं आणलेली वेदनाशामक गोळी महिनोन्महिने घेतली, तर जठरात व्रण होऊ शकतो, मूत्रपिंडही दुखावू शकतं. आपल्या वयात, त्यातून रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर धोका आणखी वाढतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण आत जंतुसंसर्ग असू शकतो. पण जुनं, ओळखीचं दुखणं असेल, तर प्रत्येक कळ म्हणजे नवी झीज असं समजून खाट धरू नका. मांडीचे स्नायू मजबूत झाले की गुडघ्याचं दुखणं बऱ्याच जणांत कमी होतं.

ते व्यायाम कोणते आणि किती, हे पुढच्या भागात पाहू. तोवर चालत राहा. जय हिंद!