दोन अर्धी पिंपे पीठ

माझी मुलगी मिनियापोलिसला असते. मागच्या खेपेला गेलो तेव्हा नऊ वर्षांच्या नातीने हट्टच धरला, "आजोबा, लॉराचं गाव बघायचं." लॉरा म्हणजे लॉरा इंगल्स वाइल्डर. माळरानावरच्या आपल्या बालपणाच्या गोष्टी तिने १९३२ पासून पुस्तकरूपाने लिहिल्या आणि अमेरिकेतल्या मुलांच्या कित्येक पिढ्या त्यांवर वाढल्या. त्यांतला खरा नायक तिचा बाप, चार्ल्स. फिडल वाजवणारा, हसतमुख आणि कुणापुढे हात न पसरणारा. तिकडची कितीतरी माणसे त्याच्यात आपलाच खापरपणजोबा पाहतात.

नात झोपली की मी तिची पुस्तके वाचीत बसे. उभा जन्म कर्जाची कागदपत्रे तपासण्यात गेलेला. खोड जाते थोडीच? गोष्ट झाली, आता कागद काय म्हणतात? त्या कागदांवर अभ्यासकांनी लिहिलेली चरित्रे मुलीच्या गावच्या ग्रंथालयात मिळाली.

चार्ल्सचा जन्म १८३६ चा, न्यूयॉर्क राज्यातला. १८६९ मध्ये बायकोमुलांना छकड्यात घालून तो कॅन्ससला गेला. ती जमीन ओसेज इंडियनांची होती. १८७० च्या जनगणनेत तिथल्या वसाहतवाल्यांच्या नावापुढे जमिनीची किंमतच नाही, कारण जमिनीवर त्यांचा हक्कच नव्हता. सरकार हुसकून लावणार म्हणून परतलो, असे पुस्तक सांगते. पण तिकडे विस्कॉन्सिनमध्ये त्याची शेती ज्याने घेतली होती त्याला हप्ते झेपेनात, हेही कारण होते. आम्हा बँकवाल्यांना हे कारण लगेच पटते!

१८७४ मध्ये हे कुटुंब मिनेसोटातल्या वॉलनट ग्रोव्हला आले. येणाऱ्या गव्हाच्या भरवशावर उधारीने लाकूड आणून घर बांधले. पुढच्याच वर्षी टोळधाड आली आणि उभे पीक फस्त झाले. इथवर पुस्तक आणि कागद हातात हात घालून चालतात. पुढे मात्र एक कागद एकटाच उभा आहे. त्या हिवाळ्यात चार्ल्स इंगल्सने आपण पूर्णपणे निर्धन असल्याची शपथ घेतली, सही केली आणि सरकारी मदत म्हणून दोन अर्धी पिंपे पीठ घेतले. किंमत ५ डॉलर २५ सेंट.

पुस्तकात हे नाही.

१९७२ च्या दुष्काळात मी मराठवाड्यातल्या एका शाखेत होतो. वीस एकरांचा मालक खडी फोडायच्या कामावर गेलेला मी पाहिला आहे. मुकादमाच्या हजेरीपटावर त्याचा अंगठा होता. मला पाहून तो म्हणाला, "साहेब, पोराला शिकायला औरंगाबादेस ठिवलंय. त्याला कळू देऊ नका." लॉराला कळले होते की नाही कोण जाणे. तेव्हा ती आठ वर्षांची होती.

पुस्तकात आणखी एक जण नाही. १८७५ च्या नोव्हेंबरात या घरात मुलगा झाला, फ्रेडी. पुढच्या ऑगस्टमध्ये नऊ महिन्यांचा होऊन तो गेला. नंतरचे आयोवातले हॉटेलचे दिवस आणि भाडे थकवून रात्रीच्या अंधारात गुंडाळलेला गाशा, हेही तिने गाळले. मीही कादंबऱ्या लिहिल्या आहेत. काय गाळायचे हे लेखकाला बरोबर समजते. पण कुठेच लिहायचे नाही, असे तिनेही केले नव्हते. मुलांच्या पुस्तकांआधी मोठ्यांसाठी लिहिलेल्या तिच्या आत्मकथनात फ्रेडी आहे. ते छापले गेले २०१४ मध्ये.

वॉलनट ग्रोव्ह पाहून आम्ही पश्चिमेला, साउथ डकोटातल्या डी स्मेटला गेलो. इथे चार्ल्सने १८८० मध्ये सरकारी जमिनीसाठी अर्ज केला. १८६२ च्या कायद्याने १६० एकर मिळत. फी सगळी मिळून १८ डॉलर. पाच वर्षे राहून जमीन कसायची. १८८६ मध्ये त्याने तसा पुरावा दाखल केला. १९०२ मध्ये तो वारला. बायको कॅरोलाइन आणि मेरी, कॅरी, ग्रेस या मुली तिथेच त्याच्याजवळ आहेत. एकट्या लॉराचा वंश पुढे गेला, तोही तिची मुलगी रोझ हिच्यापाशी १९६८ मध्ये संपला. आज चार्ल्सचा थेट वंशज कोणी नाही.

नातीला मी पिठाचे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. परतीच्या वाटेवर गाडीत तिने विचारले, "आजोबा, तेवढं पीठ किती दिवस पुरतं?"

पाकिटावर हिशेब मांडला. दोन अर्धी पिंपे म्हणजे १९६ पौंड, सुमारे ८९ किलो. खाणारी तोंडे पाच. फ्रेडी अंगावर पिणारा. दिवसाला दोन किलो धरले तर दीड महिना.

"आणि तिथं हिवाळा किती असतो?" मी विचारले.

"पाच महिने," पुढून माझी मुलगी म्हणाली.